बाप्तिस्म्याचे पाणी

आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ सहशिक्षक कॅथलिक ख्रिस्ती आहेत. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. तीन पिढ्यांपूर्वी पोटापाण्यासाठी घाट चढून बेळगावास आले आणि येथलेच झाले. त्यांचा आमचा वीस वर्षांचा घरोबा आहे. चवथीला त्यांची मुले आमच्याकडे मोदक खावयास येतात आणि नाताळात त्यांच्या घरून नेवऱ्यांचे ताट आमच्याकडे येते. अशा घरातून नातवाच्या बाप्तिस्म्याचे आमंत्रण आले तेव्हा आम्ही सपत्नीक गेलो.

बाप्तिस्मा आम्ही प्रथमच पाहत होतो. धर्मगुरूंनी चर्चच्या दाराशीच मातापित्यांना बाळाचे नाव विचारले आणि त्याच्यासाठी तुम्ही काय मागता, असा प्रश्न केला. मग त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. आतील विधीत मातापित्यांनी आणि धर्ममातापित्यांनी सैतानाचा त्याग केल्याचे व श्रद्धा स्वीकारल्याचे मोठ्याने सांगितले. नंतर बाळाच्या मस्तकावर तीन वेळा पाणी ओतण्यात आले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तैलाभ्यंग झाला, शुभ्र वस्त्र अंगावर आले आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून बाळाच्या वडिलांच्या हाती दिली गेली. बाळ थोडे रडले, मग झोपी गेले. आमच्याकडील बारशाची आणि मुंजीची एकदमच आठवण व्हावी, असा तो सोहळा होता.

जेवणानंतर आम्ही ओसरीवर बसलो असता सहशिक्षकांच्या वृद्ध मातोश्री शेजारी येऊन बसल्या. इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, एक विचारू? ह्याच्या आधीचं जे पोर झालं, ते तीन दिवसच होतं. त्याला हे पाणी मिळालं नाही. दवाखान्यात माझ्या हाताशी तांब्या भरलेला होता. मला सुचलंच नाही. ते पोर आता कुठं असेल?”

आम्ही चकित होऊन म्हटले, “आजी, हे फादरांना विचारायला हवं.”

“त्यांना विचारायला भीती वाटते. ते काय सांगतील कोण जाणे! तुम्ही वाचलेले आहात, आणि आमच्यातले नाही. म्हणून तुम्हांला विचारते.”

त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. पण तो तांब्या मनातून जाईना. सहशिक्षकांच्या कपाटातील ग्रंथ आम्ही मागून आणले, आमच्या मराठी ख्रिस्ती लेखकांची चरित्रे पुन्हा चाळली. परधर्माविषयी लिहिताना जो संकोच असावा तो आम्हांला आहेच. तरीही जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण ज्या शेजाऱ्यांच्या सुखदुःखात आपण सहभागी होतो, त्यांच्या श्रद्धेचे मर्म आपणांस ठाऊक नसावे, हे बरे नव्हे.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा धात्वर्थ बुडविणे, पाण्यात घालणे. येशूच्या आधी योहान नावाचा तपस्वी यार्देन नदीत लोकांना हे स्नान घालीत असे. पश्चात्ताप करा, जीवन बदला, अशी त्याची हाक होती आणि स्नान ही त्या बदलाची खूण होती. येशूनेही त्याच्या हातून हे स्नान घेतले. मात्र पुढे ख्रिस्ती मंडळीत या विधीला जो अर्थ आला तो निव्वळ शुद्धीचा नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट केला आहे. त्याच्या मते पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे, आणि पाण्यातून वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठणे. आपल्याकडे गंगास्नानाने पाप धुतले जाते अशी भावना आहे आणि ते स्नान माणूस पुनःपुन्हा करतो. बाप्तिस्मा मात्र जन्मात एकदाच. कारण तो जन्मच आहे. ही तुलना मुंजीनंतरच्या द्विजत्वाला अधिक जवळची वाटते, परंतु त्यात जातीची वा लिंगाची अट नाही, हा भेद मोठा आहे.

आता प्रश्न असा की, या पाण्यावाचून तारण आहे की नाही? नव्या करारात दोन्ही बाजूंना बळ देणारी स्थळे आहेत. रात्री भेटावयास आलेल्या निकदेमाला येशू सांगतो की, पाणी व आत्मा यांपासून जन्मल्याखेरीज देवाच्या राज्यात प्रवेश नाही. हे एक टोक. दुसरीकडे, येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार अखेरच्या घटकेला त्याची करुणा भाकतो आणि त्याच दिवशी त्याला सुखलोकाचे आश्वासन मिळते. त्याला कोणी पाणी दिले? रोमन शताधिपती कर्नेल्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. पेत्र त्याच्या घरी उपदेश करीत असतानाच पवित्र आत्मा त्या घरातल्यांवर उतरला आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. कृपा आधी आली, पाणी मागून.

पुढच्या सोळाशे-सतराशे वर्षांतील वाद या दोन टोकांमध्येच फिरत राहिला. पहिल्या काही शतकांत पुष्कळ लोक श्रद्धा ठेवूनही बाप्तिस्मा लांबणीवर टाकीत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो इ. स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर घेतला. छळाच्या काळात दीक्षेची वाट पाहणारे काही साधक बाप्तिस्म्यापूर्वीच श्रद्धेखातर मारले गेले. त्यांचे काय? तेव्हा मंडळीने सांगितले की, त्यांचे रक्त हाच त्यांचा बाप्तिस्मा. इ. स. ३९२ मध्ये तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा मनात धरूनच अकाली मरण पावला. त्याच्या शोकाकुल बहिणींसमोर मिलानचे धर्माध्यक्ष अँब्रोज यांनी जे भाषण केले त्याचा आशय असा होता की, त्याने जे मागितले ते त्याला मिळालेच आहे. यातून इच्छेचा बाप्तिस्मा ही कल्पना रुजली. म्हणजे पाण्याचा आग्रह धरणाऱ्या परंपरेनेच पाण्यावाचूनच्या कृपेलाही वाट ठेवली होती.

परंतु ज्यांना इच्छाच करता येत नाही त्या तान्ह्या बाळांचे काय? येथे संत ऑगस्टिन यांचे मत कठोर होते. आदिपाप प्रत्येकास जन्मतः चिकटते आणि ते बाप्तिस्म्यानेच सुटते, या सिद्धान्ताचा तर्क त्यांनी शेवटपर्यंत नेला आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांच्या वाट्यालाही, अत्यंत सौम्य का होईना, पण शिक्षा येते, असे प्रतिपादिले. मध्ययुगातील पंडितांना हे सहन होईना. त्यांनी ‘लिंबो’ नावाची एक स्थिती कल्पिली; तेथे यातना नाहीत, नैसर्गिक सुख आहे, पण ईश्वरदर्शन नाही. लिंबो हा धर्मसिद्धान्त म्हणून कधीच जाहीर झाला नाही. तरी शतकानुशतके तो शिकविला गेला आणि असंख्य मातांच्या उराला घरे पाडून गेला. आमच्या आजींनी बालपणी हेच ऐकले असणार.

याच भीतीमुळे आणखी एक नियम फार पूर्वीपासून चालत आला आहे. मरणाचा प्रसंग ओढवला तर धर्मगुरूच पाहिजे असे नाही. कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानेही, मंडळीला जे अभिप्रेत आहे तेच करण्याच्या हेतूने, पाणी ओतून आणि ते त्रिनामाचे वाक्य म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य आहे. नियम दयेचा, पण त्याच दयेची उलटी बाजू आजींच्या वाट्याला आली होती. कोणीही देऊ शकतो, म्हणून मी देऊ शकले असते, आणि दिला नाही.

युरोपात धर्मसुधारणेच्या काळी हा प्रश्न पुन्हा पेटला. ल्यूथरने बालबाप्तिस्मा कायम ठेवला. परंतु १५२५ साली झुरिक येथे काही मंडळींनी म्हटले की, श्रद्धा आधी आणि पाणी नंतर. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. त्यांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला नगरसभेने १५२७ मध्ये लिमॅट नदीत बुडवून मारले. ज्या पाण्यासाठी वाद, त्याच पाण्याने शिक्षा! पुढे इंग्लंडात निघालेला बॅप्टिस्ट पंथ प्रौढ बाप्तिस्म्याच्याच विचाराचा. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापणारे श्रीरामपूरचे विल्यम कॅरी याच पंथाचे होते. याउलट क्वेकर पंथाने बाह्य पाणी मुळीच मानले नाही. आणि १८८२ साली मुंबईस उतरलेली मुक्तिफौजही पुढे पाण्याच्या बाप्तिस्म्यावाचूनच चालत आली.

या साऱ्या वादाचा आपल्या भूमीवर एक सुंदर शेवट झाला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च स्थापन झाली. त्यांत बालबाप्तिस्मा देणारे होते आणि प्रौढ बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारेही होते. त्यांनी एकमेकांना खोटे न ठरविता दोन्ही पद्धती एकाच छत्राखाली मान्य केल्या. युरोपात ज्यासाठी माणसे बुडविली गेली, ते भांडण नागपुरात सामोपचाराने मिटले.

आता आपल्या मराठी मुलखाकडे वळू. येथे बाप्तिस्म्याला एक निराळाच अर्थ प्राप्त झाला होता. एकोणिसाव्या शतकात एखादा तरुण बायबल वाची, मिशनऱ्याशी वाद घाली, चर्चमध्ये जाऊन बसे. घरचे कुरकुरत, पण चालवून घेत. पाणी घेतले की मात्र सारे संपे. तो जातीला मेला. आज आपण ‘घटस्फोट’ हा शब्द पतिपत्नींच्या विभक्त होण्यासाठी वापरतो. पण मूळचा घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे: आप्तांनी गावाबाहेर जाऊन, जिवंत माणसाला मृत मानून त्याच्या नावे उदक द्यावे आणि दासीने पाण्याचा भरला घट पायाने उलथावा. प्रायश्चित्त घेऊन तो परत आला तर त्याच्यासह जलाशयात स्नान करून नवा घट पाण्यात सोडावा, असेही तेथेच सांगितले आहे. विचार केला की मन थबकते. पौल म्हणतो, या पाण्यात माणूस मरतो व नव्याने जन्मतो. आपले शास्त्र म्हणते, पाणी सांडले की माणूस मेला. एकच पाणी, एका काठावर त्याचा जन्म साजरा होई आणि दुसऱ्या काठावर त्याचे सुतक.

या दोन काठांमधून गेलेले एक नाव आमच्या बेळगावचेच आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली येथे झाला आणि १८५४ च्या सप्टेंबरात येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे हेच ते बाबा. बुद्धीला पटल्यावरही पुष्कळ काळ ते पाण्यापाशी अडखळले होते. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क शाबूत ठेवणारा कायदा १८५० साली झालेला होता. पण आईबापांच्या डोळ्यांतील पाण्याला कोणता कायदा पुरा पडणार? बाबांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा तारण विकत घेण्याचा सौदा नव्हता. मनात जे झाले आहे ते चारचौघांत कबूल करण्याचा तो क्षण होता, आणि त्याची किंमत मोठी होती.

पंडिता रमाबाईंची कथा याच्या उलट दिशेची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथील धर्मभगिनींशी त्यांचे श्रद्धेच्या कूट प्रश्नांवर मतभेद चालूच राहिले. दुसऱ्याने सांगितले म्हणून मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे आत्मनिवेदनात त्यांनी निःसंकोचपणे लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपणास कळून आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. तो अनुभव १८९१ च्या सुमाराचा. पाणी आधी, प्रतीती मागून. म्हणून त्यांचा पहिला बाप्तिस्मा व्यर्थ का म्हणावा? पेरलेले बी आठ वर्षांनी उगवले, इतकेच.

आणि कवी नारायण वामन टिळक! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. मग परतल्या, आपल्या पायांनी एकेक पायरी चढल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते दिवस सांगावयास नकोत. बाप्तिस्म्यासाठी एवढे मोल मोजणाऱ्या टिळकांनीच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. स्वतःच्या बाप्तिस्म्याचा त्यांना पश्चात्ताप झाला होता असे मुळीच नाही. पण जातीच्या भिंतीमुळे पाण्यापर्यंत न पोचलेला भक्त देवापर्यंतही पोचला नसेल, हे त्यांना मान्य नव्हते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

या उजळ चित्रांबरोबर काळी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर गोव्यातील आमचे वाचक आम्हांला क्षमा करणार नाहीत. सोळाव्या शतकात तेथे राजसत्तेने बाप्तिस्म्याला हात घातला. १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या झालेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याची वाट मोकळी केली. मुलांच्या आत्म्याचे कल्याण होते, ही त्यामागची भूमिका होती. पाण्यातच तारण आहे, मग मन असो वा नसो, अशी समजूत झाली की दयेच्या नावाने जुलूम कसा घडतो, याचे हे उदाहरण. त्याच चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत निःसंदिग्धपणे जाहीर केले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही कसलीही सक्ती होता कामा नये.

या साऱ्यातून आम्हांला जे उमगले ते थोडक्यात असे. बहुतेक ख्रिस्ती पंथांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हे तारणाचे दार आहे. तो ऐच्छिक अलंकार नव्हे. ज्याला ते दार दिसले आणि जाता येते, त्याने बाहेर थांबू नये. परंतु दार घरधन्याने पाहुण्यांसाठी केलेले असते. त्या दाराने घरधनी स्वतः कोंडला जात नाही. त्याला वाटेल तेव्हा तो अंगणात उतरून कोणालाही उचलून आत नेऊ शकतो. कॅथलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथाचाही आशय हाच आहे. देवाने तारण या संस्काराशी जोडले आहे, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही.

आजींच्या प्रश्नाचे नेमके उत्तरही आम्हांला सापडले. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने, याच विषयावर एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात लिंबोची कल्पना फार संकुचित असल्याचे म्हटले आहे; आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांना देव आपल्यापाशी घेतो, अशी आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असा निष्कर्ष काढला आहे. ही आशा आहे, निश्चित ज्ञान नव्हे, आणि तिच्या आधारे बाप्तिस्म्याची हेळसांड करू नये, हेही त्यात सांगितले आहे. १९६९ नंतरच्या अंत्यविधीच्या पुस्तकात तर, आईबापांना बाप्तिस्मा द्यावयाचा होता पण बाळ त्यापूर्वीच गेले, अशा बाळांसाठी स्वतंत्र प्रार्थनाच घातल्या आहेत.

एका संध्याकाळी आम्ही आजींकडे गेलो. सहशिक्षकांना जवळ बसविले आणि जे वाचले ते सावकाश सांगितले. कर्नेल्याची कथा सांगितली, अँब्रोजची सांगितली, शेवटी रोमचे निवेदन सांगितले. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग विचारले, “हे रोमहून आलंय?”

“होय.”

“कधी?”

“२००७ साली.”

“मग इतकी वर्षं मला कुणी का नाही सांगितलं?”

सहशिक्षकांनी मान खाली घातली. आम्हीही काही बोललो नाही. सांगणारे पुष्कळ होते, पण आजींनी विचारले नव्हते. आणि आजींच्या मनात काय आहे, हे आम्हां जवळच्या कोणालाही कधी विचारावेसे वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मुलाला घेऊन फादरांकडे गेल्या. फादरांनीही तेच सांगितले. तांब्याची चूक देवाने आजींच्या नावावर मांडलेली नाही, असे वर आणखी सांगितले.

२ नोव्हेंबरला ख्रिस्ती बांधव आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. आजींनी आजवर त्या इवल्याशा कबरीकडे पाऊल टाकले नव्हते. त्या वर्षी त्या गेल्या, अशी हकीकत सहशिक्षकांनी आम्हांला शाळेत येऊन सांगितली. जाताना त्यांनी घरून फुले आणि मेणबत्ती नेली होती. पाणी मात्र नेले नाही.